वेग, तापमान आणि पॉलीकार्बोनेटचं झाकण: पॉलिमर मॉडेलिंगची पहिली वाट

सप्लायरच्या डेटाशीटवर पॉलीकार्बोनेटच्या यील्ड स्ट्रेससमोर (ज्या स्ट्रेसला पदार्थ कायमचा वाकू लागतो तो) एकच आकडा छापलेला असतो, ६० ते ६५ मेगापास्कलच्या आसपासचा. आकडा खोटा नाही. पण तो २३ अंश सेल्सिअसच्या वातानुकूलित खोलीत, मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने ओढलेल्या डंबेलचा, म्हणजे मधे बारीक आणि टोकांना रुंद अशा चाचणी-नमुन्याचा आहे. त्याच दाण्यातून मोल्ड केलेलं झाकण मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या पेटीवर तापलेलं असतं आणि त्यावर कुणाच्या हातातला पाना पडतो, तेव्हा यील्ड स्ट्रेस उष्णतेने खाली आलेला असतो आणि धक्क्याच्या वेगाने वर गेलेला असतो. यातलं कोण जिंकतं ते डेटाशीट सांगत नाही. ते मॉडेलला, म्हणजे पदार्थ भाराखाली कसा वागेल ते मांडणाऱ्या गणिताला, सांगावं लागतं.

हा लेख ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मोल्डिंग युनिटच्या डिझाइन विभागात नुकत्याच रुजू झालेल्या, डिप्लोमा किंवा बी.ई. झालेल्या मुलामुलींसाठी आहे. या पट्ट्याचं प्लॅस्टिकशी नातं जुनं आहे. नोसिलचा नाफ्था क्रॅकर (नाफ्थातून प्लॅस्टिकचा कच्चा माल काढणारा कारखाना) १९६०च्या दशकाच्या अखेरीस याच रस्त्यावर सुरू झाला. आज रबाळे, महापे, तुर्भे इथल्या गाळ्यांत मोल्डिंगची मशीनं रात्रंदिवस चालतात. मोल्ड बनवणारे कसबी हात इथे भरपूर आहेत. पण पार्ट धक्क्यात कसा वागेल हे आधी गणिताने सांगायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी स्टीलची पद्धत जशीच्या तशी प्लॅस्टिकवर लावली जाते. ती इथे चालत नाही.

माझं म्हणणं एका ओळीत: मॉडेल सगळ्यात शेवटी निवडा. आधी तुमचा पार्ट कोणत्या वेगांत आणि कोणत्या तापमानांत जगणार ते ठरवा, मग त्या हद्दीतल्या चाचण्या करा, मग पदार्थाची वेगाची आणि तापमानाची चाल मोजा. एवढं झालं की मॉडेल जवळपास आपोआप ठरतं. उलट क्रमाने गेलात तर सुंदर रंगीत चित्रं मिळतील आणि पार्ट फुटेल.

पहिली पायरी: हद्द ठरवा

लेखभर एकच उदाहरण घेऊ. वीजमीटरचं पारदर्शक झाकण, पॉलीकार्बोनेटचं, जाडी २.५ मिलिमीटर, आधार नसलेला मधला भाग ८० मिलिमीटर. ग्राहकाची अट अशी की १ किलोचा पोलादी गोळा १ मीटरवरून पडला तरी झाकण फुटू नये. झाकण चार स्क्रूंनी घट्ट बसवलेलं आहे. माल ठाण्यातही लागणार आहे आणि लडाखमध्येही.

गोळ्याचा आपटण्याचा वेग शाळेतल्या सूत्राने निघतो: सेकंदाला ४.४३ मीटर. आता स्ट्रेन रेट, म्हणजे पदार्थ सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या किती पट ताणला जातो ते. झाकणाला दोन टोकांवर टेकलेली, मधोमध भार घेणारी पट्टी समजा. पृष्ठभागावरचा स्ट्रेन म्हणजे ६ गुणिले जाडी गुणिले खालचं वाकणं, भागिले अंतराचा वर्ग. वाकण्याच्या जागी वाकण्याचा वेग घाला: ६ × २.५ × ४४३० ÷ ६४००, म्हणजे सेकंदाला सुमारे १०. गोळा जिथे टेकतो तिथे रेट याहून जास्त असेल आणि गोळा मंदावत जाईल तसा कमी होईल. म्हणून धक्क्यासाठी आपली हद्द सेकंदाला १ ते १०० अशी धरू.

दुसरं टोक बहुतेक जण विसरतात. स्क्रूखालचा बॉस (स्क्रू बसायला मोल्ड केलेला खुंट) वर्षानुवर्षं दाबाखाली असतो. तिथला स्ट्रेन रेट सेकंदाला ०.०००००१ पेक्षाही कमी असतो. एकाच पार्टच्या दोन कोपऱ्यांत रेटचा फरक कोट्यवधी पटींचा आहे, म्हणून रेट नेहमी लॉग मापात पाहायचा. दहा पटींचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक दशक. पॉलिमरच्या दुनियेत वेग दुप्पट झाला ही बातमी नसते. किती दशकं सरकला हे विचारायचं.

तापमानाची हद्द ठरवणं त्यामानाने सोपं. उन्हातल्या बंद पेटीसाठी ७० अंश धरा, थंड प्रदेशासाठी उणे २०.

दुसरी पायरी: पदार्थ ओळखून घ्या

प्रत्येक पॉलिमरचं एक काचसंक्रमण तापमान असतं. त्याच्या खाली साखळ्या जागच्या जागी गोठल्यासारख्या, वर त्या हलायला मोकळ्या. पॉलीकार्बोनेटचं हे तापमान १४७ अंशांच्या आसपास, ॲक्रिलिकचं १०५, पॉलिस्टायरीनचं १००, कोरड्या नायलॉन ६चं ५०च्या जवळपास. पॉलिप्रॉपिलीनचं शून्याच्या आसपास असतं. म्हणूनच पॉलिप्रॉपिलीनची जी बादली ठाण्यात लवचिक वाटते ती लेहच्या हिवाळ्यात ठिसूळ होते.

याखेरीज आणखी खाली एक छोटं संक्रमण असतं, त्याला बीटा म्हणतात. पॉलीकार्बोनेटचं बीटा उणे १०० अंशांच्या आसपास आहे, तर ॲक्रिलिकचं जवळजवळ खोलीच्या तापमानालाच. ही बाब लक्षात ठेवा, पुढे आयरिंगच्या रेषेत ती पुन्हा लागणार आहे.

आता गोदामातल्या गोष्टी. दाण्याच्या गोणीवरचा ग्रेड आणि लॉट नंबर लिहून घ्या. रीग्राइंड (दळून पुन्हा वापरलेलं प्लॅस्टिक) किती टक्के मिसळलं ते सुपरवायझरला स्पष्ट विचारा. रीग्राइंडमध्ये साखळ्या तुटलेल्या असतात आणि त्याचा फटका यील्डपेक्षा तुटण्याच्या स्ट्रेनला जास्त बसतो. पॉलीकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवल्याशिवाय मोल्ड करू नये. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, तरी पावसाळ्यात तो पाळला गेला की नाही ते स्वतः जाऊन बघा. ओला दाणा बॅरलमध्ये पाण्याशी रासायनिक क्रिया करतो, साखळ्या आखूड होतात, आणि मग तुमचं मॉडेल ज्या पदार्थासाठी बांधलं तो पदार्थच मशीनमधून बाहेर पडत नाही.

नायलॉनचं प्रकरण वेगळं आहे, ते मोल्ड झाल्यानंतरही पाणी पितं. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत नायलॉन ६ अडीच ते तीन टक्के पाणी धरतं आणि त्याचं काचसंक्रमण तापमान खोलीच्या तापमानाखाली घसरतं. ठाण्याच्या जुलैमध्ये उघड्यावर ठेवलेला नमुना आणि मोल्डमधून नुकताच निघालेला नमुना हे व्यवहारात दोन वेगळे पदार्थ आहेत. नायलॉनसाठी तापमान आणि वेगासोबत ओलावा हा तिसरा अक्ष मानल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिलं मॉडेल पॉलीकार्बोनेटचं बांधा असं मी सुचवतो त्याचं एक कारण हेच.

आणि शेवटी नमुन्याचा इतिहास. मोल्डमध्ये झपाट्याने थंड झालेलं पॉलीकार्बोनेट आणि १२० अंशांवर बराच वेळ ठेवलेलं पॉलीकार्बोनेट यांच्या यील्ड स्ट्रेसमध्ये काही मेगापास्कलचा फरक पडतो, केमिस्ट्री तीच असली तरी. त्यामुळे शक्य असेल तिथे नमुने प्रत्यक्ष पार्टमधून कापा. वेगळ्या मोल्डमधले डंबेल वापरायचेच असतील तर निदान मोल्ड तापमान आणि सायकल टाइम सारखे ठेवा.

तिसरी पायरी: चाचण्या

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा आहेत आणि बहुतेकांकडे यूटीएम (नमुना ओढायचं-दाबायचं यंत्र) असतंच. विचारायचं ते हे: तापमान चेंबर आहे का, उणे २०पर्यंत जातो का, एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच लावून त्याचं ताणणं मोजणारं उपकरण) आहे का, आणि कच्चा डेटा देणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पीडीएफ अहवालातला 'यील्ड इतका, इलाँगेशन इतकं' हा तक्ता मॉडेलिंगच्या कामाचा नाही. वेळ, बल आणि लांबी या तीन रकान्यांची फाइल हवी, आणि तसं ऑर्डरमध्येच लिहा.

आयएसओ ५२७ या ओढण्याच्या चाचणीच्या मानकातला १ए डंबेल घ्या. त्याचा सरळ भाग ८० मिलिमीटरचा, रुंदी १०, जाडी ४. मिनिटाला ५० मिलिमीटर वेग म्हणजे सेकंदाला ०.८३ मिलिमीटर, भागिले ८०, म्हणजे स्ट्रेन रेट सेकंदाला साधारण ०.०१. मिनिटाला ५ मिलिमीटरला ०.००१ आणि ५०० मिलिमीटरला ०.१. हे तीन वेग आणि उणे २०, २३, ७० ही तीन तापमानं, अशा नऊ जोड्या. प्रत्येकी पाच नमुने, म्हणजे ४५ डंबेल. खर्च वाचवायला कुणी मधली चौकट गाळायला सांगेल. तसं करू नका. नऊही जोड्या असल्या तरच वेगवेगळ्या तापमानांच्या रेषा एकमेकींना समांतर आहेत का हे दिसतं, आणि तीच या सगळ्या कामाची नाडी आहे.

चेंबरमध्ये नमुना किमान वीस-तीस मिनिटं मुरू द्या. चेंबरचा काटा ७० दाखवतो म्हणजे नमुनाही ७०ला पोचला असं नाही.

क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकणाऱ्या आडव्या तुळईच्या) सरकण्यावरून स्ट्रेन काढला तर त्यात मशीनचा लवचिकपणा आणि ग्रिपमधली घसरण मिसळते आणि मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) खोटा कमी येतो. एक्स्टेन्सोमीटर नसेल तर नमुन्यावर शाईचे ठिपके देऊन मोबाइल स्टँडवर लावा, व्हिडिओ घ्या आणि ठिपक्यांमधलं अंतर इमेज-जेसारख्या मोफत सॉफ्टवेअरने मोजा. हळू वेगांना हे चांगलं चालतं, शिवाय नेक (नमुना एका जागी बारीक होणं) कधी आणि कुठे सुरू झाली तेही डोळ्यांना दिसतं.

नेक सुरू झाल्यावर ओढण्याच्या चाचणीचा सरासरी स्ट्रेन निरर्थक होतो. नेकमधला खरा स्ट्रेन आणि खरा रेट दोन्ही सरासरीच्या कितीतरी पट असतात. म्हणून यील्डच्या पुढचं वागणं दाबण्याच्या चाचणीतून घ्या: ५ मिलिमीटर उंच, साधारण तेवढ्याच व्यासाचा दंडगोल, दोन्ही तोंडांना ग्रीस आणि टेफ्लॉनची पातळ फिल्म, म्हणजे घर्षणाने तो पिंपासारखा फुगणार नाही. आणखी एक फायदा असा की उंची कमी असल्याने त्याच मशीनवर जास्त रेट मिळतो. मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने हा दंडगोल दाबला तर रेट सेकंदाला १.७ होतो, डंबेलपेक्षा एका दशकाहून जास्त पुढे. मात्र अनेक काचसदृश (काचसंक्रमणाच्या खाली असलेले) पॉलिमर दाबाखाली ओढण्यापेक्षा जास्त स्ट्रेसला यील्ड होतात. दोन्ही डेटा एकाच रेषेवर बसवायला जाऊ नका.

आता उष्णतेचा हिशेब. प्लॅस्टिक विकृत करताना केलेलं काम बहुतांश उष्णता बनतं. पॉलीकार्बोनेट ७० मेगापास्कलला ५० टक्के स्ट्रेनपर्यंत दाबलं तर घनमीटरमागे ३५ मेगाज्यूल काम होतं. घनता १२०० आणि विशिष्ट उष्णता १२०० ज्यूल धरली तर उष्णता बाहेर जायला वेळच न मिळाल्यास तापमान सुमारे २४ अंशांनी चढतं. बाहेर जायला किती वेळ लागतो? ४ मिलिमीटर जाडीला ३० सेकंदांच्या घरात. सेकंदाला ०.००१ रेटने ही चाचणी ५०० सेकंद चालते, नमुना गार राहतो. ०.१ने ती ५ सेकंदांत संपते, नमुना जवळपास सगळी उष्णता पोटात ठेवतो. ०.०१ मधल्यामध्ये अडकतं. म्हणजे तुमचा वेगवान वक्र मोठ्या स्ट्रेनला खाली झुकलेला दिसला तर तो पदार्थाचा गुण नसून नमुना तापल्याचा परिणाम असू शकतो. २३ अंशांची चाचणी म्हणून ज्या वक्राला नाव दिलं, तो शेवटी ४५ अंशांचा झालेला असतो. यील्ड बिंदू मात्र लहान स्ट्रेनला येतो, तिथे ही अडचण नगण्य. वेगाची चाल यील्डवरून मोजायची ती याच कारणाने.

सेकंदाला हजाराच्या घरातले रेट हवे असतील तर स्प्लिट हॉपकिन्सन बार, म्हणजे दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून धक्का देणारं यंत्र, लागतो. ती सोय साध्या व्यावसायिक प्रयोगशाळेत नसते. चौकशी पवईच्या आयआयटीपासून सुरू करा. आपल्या झाकणाला त्याची गरज नाही.

चौथी पायरी: आयरिंगची रेषा

नऊ जोड्यांचे सरासरी यील्ड स्ट्रेस हातात आले की सगळं सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि एक आलेख काढा. आडव्या अक्षावर रेटचा लॉग, उभ्या अक्षावर यील्ड स्ट्रेस भागिले केल्विनमधलं तापमान. काचसदृश पॉलिमरसाठी प्रत्येक तापमानाची एक सरळ रेषा मिळायला हवी आणि तिन्ही रेषा समांतर हव्यात.

हे का होतं ते हेन्री आयरिंगच्या १९३६च्या कल्पनेत आहे. साखळीच्या तुकड्याला जागा बदलायला ऊर्जेचा एक बांध ओलांडावा लागतो. उष्णता त्याला सतत धडका द्यायला लावते. लावलेला स्ट्रेस बांध एका बाजूने ठेंगणा करतो. भार वेगाने टाकला तर सेकंदाला जास्त उड्या लागतात, म्हणून बांध अधिक ठेंगणा करावा लागतो, म्हणजेच जास्त स्ट्रेस. तापमान वाढलं तर धडका जोरकस होतात आणि स्ट्रेस कमी लागतो. वेग वाढणं आणि तापमान उतरणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे एकदा अंगी भिनलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

पॉलीकार्बोनेटचे ढोबळ आकडे घेऊ. तुमचे आकडे तुमच्या चाचण्यांतून येतील. २३ अंश, ०.००१ रेट: ६० मेगापास्कल. दशकामागे वाढ सुमारे ३ मेगापास्कल. अंशामागे घट सुमारे ०.३. म्हणजे वेग दहा पट वाढवणं हे साधारण १० अंश थंड करण्यासारखं.

या उतारातून ॲक्टिव्हेशन व्हॉल्यूम काढा: बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले २.३०३, भागिले दशकामागची वाढ. २९६ केल्विन आणि ३ मेगापास्कलला उत्तर येतं ३.१ घन नॅनोमीटर. पॉलीकार्बोनेटच्या साखळीतला पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा सुमारे ०.३५ घन नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे एका उडीत असे नऊएक तुकडे एकत्र सरकतात. संध्याकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत एकाला दारापर्यंत जायचं तर आजूबाजूच्या आठ-नऊ जणांना थोडं थोडं हलावं लागतं, तसंच. हा आकडा फिटिंग तपासायलाही कामी येतो: काचसदृश पॉलिमरसाठी उत्तर काही घन नॅनोमीटर यायला हवं. ०.०१ किंवा ५०० आलं तर एककाची गल्लत झाली आहे.

आता ही रेषा झाकणावर लावू. तिचा उतार केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ७० अंशांना दशकामागची वाढ ३.५ आणि उणे २०ला २.६ होते. ७० अंशांना, धक्क्यात, म्हणजे १० या रेटला: ०.००१ रेटची किंमत ४६, त्यात चार दशकांचे १४, एकूण ६०. उणे २०ला त्याच धक्क्यात: ७३ अधिक १०, म्हणजे ८३. आणि ७० अंशांना स्क्रूखाली, ०.०००००१च्याही एक दशक खाली: ४६ वजा १४, म्हणजे ३२.

डेटाशीटवर ६०चा एकच आकडा होता. प्रत्यक्षात झाकणाच्या आयुष्यात तो ३२ ते ८३ असा फिरतो. उन्हात तापलेल्या झाकणावरच्या धक्क्याला तो योगायोगाने ६०च निघाला, त्यामुळे तिथे जुनी पद्धत वापरणाऱ्यालाही बरोबर उत्तर मिळेल आणि त्याचा आत्मविश्वास वाढेल. मग स्क्रूचा बॉस हळूहळू बसेल किंवा थंडीत झाकण न वाकता थेट तडकेल, आणि दोष मोल्डरवर जाईल. हे मला मनापासून खटकतं, कारण पंचेचाळीस डंबेलांच्या चाचणीत हे आधी कळलं असतं.

रेषा समांतर आल्या नाहीत तर? तीन शक्यता: नमुन्यांचं तापमान चुकीचं, नमुना तापला, किंवा दुसरी प्रक्रिया जागी झाली. तिसरी शक्यता म्हणजेच ते बीटा संक्रमण. खूप थंड किंवा खूप वेगवान परिस्थितीत साखळीच्या लहान हालचालीही भारात वाटा घ्यायला लागतात आणि रेषा वर वळते. तेव्हा दोन आयरिंग प्रक्रियांची बेरीज घ्यायची. री आणि आयरिंग यांनी १९५५मध्ये हा मार्ग दाखवला, आणि मुलिकेन आणि बॉयस यांनी २००६मध्ये तो पॉलीकार्बोनेट व ॲक्रिलिकसाठी हॉपकिन्सन बारच्या रेटपर्यंत नेला. पॉलीकार्बोनेटमध्ये खोलीच्या तापमानाला हे वळण सेकंदाला शंभराच्या आसपास जाणवायला लागतं. आपली हद्द त्याच्या उंबरठ्यावर संपते, म्हणून एक रेषा चालेल. उणे २०ला मात्र वळण अलीकडे येतं, तेव्हा ८३ हा आकडा किमान समजा. ॲक्रिलिकसाठी एका रेषेवर विसंबूच नका.

फिटिंगसाठी पायथॉन पुरेसं आहे. सायपायमधलं कर्व्ह-फिट वापरून सर्व ४५ बिंदू एकदम बसवा, सरासऱ्या नव्हे, म्हणजे विखुरणही दिसेल.

पाचवी पायरी: यील्डच्या पुढे

यील्डनंतर स्ट्रेस थोडा उतरतो, मग साखळ्या ताणल्या जाऊन पुन्हा चढतो. उतरण्याचा भाग नमुन्याच्या वयावर आणि थंड होण्याच्या इतिहासावर अवलंबून असतो. चढण्याचा भाग हा साखळ्यांच्या जाळ्याचा, रबरासारखा. हॅवर्ड आणि थॅकरे यांनी १९६८मध्ये हे दोन भाग समांतर जोडले: एक स्प्रिंग जाळ्यासाठी, एक आयरिंगचा डॅशपॉट (तेलातल्या दट्ट्यासारखा, वेगाला विरोध करणारा भाग) प्रवाहासाठी. पुढची बहुतेक मॉडेलं याच हाडांवर मांस चढवतात. आर्गन, पार्क्स आणि बॉयस यांचं १९८८चं काम, आणि अरुडा-बॉयस यांचं १९९३चं आठ साखळ्यांचं मॉडेल ही त्यातली मोठी नावं.

सुरुवातीला जाळ्यासाठी साधं रूप घ्या: हार्डनिंग मॉड्युलस गुणिले (ताणप्रमाणाचा वर्ग वजा ताणप्रमाणाचा व्यस्त). ताणप्रमाण म्हणजे ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी. पॉलीकार्बोनेटसाठी हा मॉड्युलस खोलीच्या तापमानाला २६ मेगापास्कलच्या आसपास येतो. ताणप्रमाण १.७ झालं की एवढ्यानेच खऱ्या स्ट्रेसमध्ये ६० मेगापास्कलची भर पडते. या भरीमुळेच नेक एका जागी तुटत नाही, पसरत जाते. हा भाग मॉडेलमध्ये नसेल तर गोळ्याखालचा भाग कागदासारखा फाटताना दिसेल.

काचसंक्रमणाच्या वर

थर्मोफॉर्मिंग किंवा ब्लो मोल्डिंगचं काम असेल तर आयरिंगऐवजी विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचं १९५५चं सूत्र, जे तापमान बदललं की वेगाची चाल किती दशकं सरकते ते सांगतं, आणि प्रोनी मालिका (स्ट्रेस वेळेनुसार कसा ओसरतो ते मांडणारी बेरीज) लागते. सूत्राचे सर्वसाधारण स्थिरांक १७.४४ आणि ५१.६. काचसंक्रमणाच्या १० अंश वर त्यातून जवळजवळ तीन दशकांचं सरकणं निघतं. खालच्या बाजूला १० अंशांचं मोल एकच दशक होतं हे आठवा. सूत्र काचसंक्रमणाच्या खाली लावू नका. ५१.६ अंश खाली गेल्यावर छेद शून्य होतो. पॉलीकार्बोनेटसाठी ही जागा ९५ अंशांच्या आसपास येते. आपल्या झाकणाला हा भाग लागत नाही.

सहावी पायरी: आता मॉडेल

धातूंसाठी १९८३मध्ये आलेलं जॉन्सन-कुक मॉडेल जवळजवळ प्रत्येक सॉल्व्हरमध्ये (सिम्युलेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आयतं असतं, म्हणून नवा माणूस तिकडे वळतो. त्यात वेगाचा परिणाम आणि तापमानाचा परिणाम यांचा गुणाकार असतो, म्हणजे गरम झाल्यावर दशकामागची वाढही घटते. आयरिंगच्या रेषेत ती थोडी वाढते. आपल्याच उदाहरणात ७० अंशांना ३.५ ऐवजी सुमारे २.३ येईल, आणि चार दशकांत पाचएक मेगापास्कलची तफावत पडेल. शिवाय त्यात वितळणबिंदू मागितला जातो, जो अस्फटिक पॉलीकार्बोनेटला नाहीच. पॉलिमरसाठी मी ते सुचवत नाही.

धक्क्याच्या कामासाठी सोपा आणि प्रामाणिक मार्ग म्हणजे वेगवेगळ्या रेटचे वक्र तक्त्याने देणारं प्लॅस्टिसिटी मॉडेल, एलएस-डायनामधलं मॅट २४ किंवा अबॅकसमधलं रेटनुसारचं प्लॅस्टिसिटी कोष्टक. वक्र कच्च्या चाचणीचे देऊ नका. आयरिंगची रेषा आणि हार्डनिंगचं सूत्र वापरून स्वतः तयार करा, ०.००१पासून १०००पर्यंत, दर दशकाला एक. बहुतेक सॉल्व्हर तक्त्याच्या पलीकडे शेवटचाच वक्र धरून बसतात, त्यामुळे चाचणीतल्या ०.१वर तक्ता संपवला तर गोळ्याचा धक्का ०.१च्याच स्ट्रेसने मोजला जाईल आणि तशी सूचनाही येणार नाही. प्रत्येक तापमानाचा तक्ता वेगळा.

ओढणं आणि दाबणं यातला फरक महत्त्वाचा असेल तर एलएस-डायनामधलं मॅट १८७ घ्या. भार काढल्यावर पार्ट किती परत येतो हे हवं असेल, जसं स्नॅप-फिटमध्ये (खटकन अडकणाऱ्या जोडात), तर तक्त्याची पद्धत कमी पडते. पॉलिमर सरळ रेषेत परत येत नाही. तिथे समांतर जाळ्यांची मॉडेलं लागतात, अबॅकसमधल्या समांतर रिओलॉजिकल चौकटीसारखी. लायसन्स नसेल तर कॅल्क्युलिक्स मोफत आहे आणि त्यात स्वतःचं मटेरियल सबरुटीन जोडता येतं.

सातवी पायरी: पडताळणी

आधी सिम्युलेशनमध्ये एकच एलिमेंट, म्हणजे हिशेबासाठी पार्टचे पाडलेल्या छोट्या तुकड्यांतला एक, ओढा. दिलेला वक्र जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर खरा स्ट्रेस (बल भागिले त्या क्षणाचं क्षेत्रफळ) आणि इंजिनिअरिंग स्ट्रेस (बल भागिले मूळ क्षेत्रफळ) यांची अदलाबदल झाली आहे. मग पूर्ण डंबेलचं सिम्युलेशन करून बल आणि सरकणं प्रयोगाशी ताडा, नेक सुरू होण्याची जागा आणि क्षणही. मेश (एलिमेंटांची जाळी) बारीक करून पुन्हा चालवा. यील्डनंतर उतरणारा वक्र मेशवर अवलंबून उत्तर देतो, म्हणून डंबेलसाठी ठरवलेला एलिमेंटचा आकारच झाकणात ठेवा.

खरी कसोटी मात्र फिटिंगमध्ये न वापरलेल्या चाचणीची. मोल्ड केलेली पाच-सहा झाकणं घ्या, ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, बाहेर काढताच गोळा पाडा आणि मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओत जास्तीत जास्त वाकणं मोजा. तशीच नवी झाकणं फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा करा. सिम्युलेशनमधलं वाकणं दोन्ही वेळा मोजमापाच्या दहाएक टक्क्यांत असेल तर मॉडेल कामाला लावा. गरमला जुळलं आणि थंडीत नाही, तर आधी बीटाकडे बघा. दोन्हीकडे सारखीच चूक असेल तर जाडी मोजा आणि मेशमधल्या स्क्रूच्या आधाराकडे बघा. मटेरियल कार्डला (सॉल्व्हरला दिलेल्या पदार्थाच्या आकड्यांना) हात लावू नका.

अहवालाच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: दाण्याचा ग्रेड आणि लॉट, सुकवण्याची नोंद, कोणत्या रेटपासून कोणत्या रेटपर्यंत चाचणी झाली आणि कुठून पुढे आयरिंगच्या रेषेवर विसंबलात, आणि तापमानाची हद्द. पुढच्या वर्षी तेच कार्ड कुणी १२० अंशांच्या दिव्याच्या कव्हरला लावायला निघालं, तर या चार ओळी त्याला थांबवतील.